तोंडाचे अस्तर आणि बाटलीतील गुळणी

माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाशी विद्यार्थ्याची पहिली ओळख बहुधा दोन वस्तूंच्या द्वारे होते. एक कांद्याचा पापुद्रा आणि दुसरी त्याच्याच गालाच्या आतील खरवड. स्वच्छ काडीने गाल आतून हलकेच खरवडायचा, निघालेला अंश काचपट्टीवर पसरायचा, वर मिथिलीन ब्ल्यूचा एक थेंब सोडायचा आणि डोळा भिंगाला लावायचा. फरशीच्या तुकड्यांसारख्या चपट्या पेशी आणि प्रत्येकीच्या मधला गडद ठिपका ज्याने एकदा पाहिला तो सहसा विसरत नाही. पण या पेशी इतक्या सहज निघाल्या कशा आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कोठून येणार, हे त्या तासाला फारसे विचारले जात नाही. कारण तास पस्तीस मिनिटांचा असतो आणि सूक्ष्मदर्शक बहुधा एकच.

तो राहून गेलेला प्रश्न आज विचारण्याचे निमित्त औषधाच्या दुकानातील फळीवर उभे आहे. निळ्या, हिरव्या, जांभळ्या रंगांच्या माउथवॉशच्या बाटल्या एके काळी दंतवैद्याच्या चिठ्ठीखेरीज मध्यमवर्गीय घरात क्वचित येत. आता त्या टूथपेस्टच्या जोडीने महिन्याच्या यादीत आल्या आहेत. दिवसातून दोनदा, अर्धा ते एक मिनिट, असा हा द्रव ज्या पेशींवरून खेळवला जातो त्या नेमक्या काचपट्टीवरच्याच पेशी होत. त्यांचे या द्रवाने काय होते, हा प्रश्न म्हणूनच केवळ दंतवैद्यकाचा राहिलेला नाही. तो ग्राहकाच्या माहितीचा, म्हणजे पर्यायाने बाजाराच्या व्यवहाराचाही आहे.

प्रथम अस्तराविषयी. गालाचे आतील अस्तर साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचे असते. एवढ्याशा जाडीत पेशींचे अनेक थर एकावर एक रचलेले असतात. सर्वांत तळच्या थरात नव्या पेशी जन्माला येतात. त्या हळूहळू वर ढकलल्या जातात, वर येता येता चपट्या होतात आणि शेवटी लाळेत गळून पडतात. शरीराच्या बाहेरील त्वचेला या फेऱ्यास महिनाभराचा अवधी लागतो. गालाच्या अस्तराचा फेरा सुमारे दोन आठवड्यांत पुरा होतो. हिरड्या आणि टाळू यांवर केराटिनचे कठीण कवच असते, कारण चावण्याचे घर्षण तेथे अधिक. गाल, जिभेखालचा भाग आणि तोंडाचा तळ यांना असे कवच नाही. त्यांचे संरक्षण मुख्यतः लाळेच्या बुळबुळीत पडद्यावर आणि या अखंड नूतनीकरणावर अवलंबून आहे. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर वरच्या पेशी हे व्याज आहे आणि तळचा थर हे मुद्दल. व्याज रोज खर्ची पडते, त्यात काही बिघडत नाही. कोणत्याही गुळणीविषयी विचारायचे ते एवढेच, की ती मुद्दलाला हात लावते काय?

या प्रश्नाचे एकच उत्तर नाही, कारण माउथवॉश ही एक वस्तू नाही. कोणात क्लोरहेक्सिडीन असते, कोणात निलगिरी, पुदिना, ओवा यांच्या अर्कांशी नाते सांगणारी तेले, कोणात सीटिलपिरिडिनियम क्लोराइड, तर कोणात पोव्हिडोन आयोडीन. तेले पाण्यात विरघळत नाहीत म्हणून कित्येक प्रकारांत अल्कोहोल घालतात. काही जुन्या अमेरिकन प्रकारांत त्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर, तर क्वचित २६ टक्क्यांपर्यंत असे. हे प्रमाण बहुतेक द्राक्षमद्यांहून अधिक आहे, ही गोष्ट संध्यावंदन करून चूळ भरणाऱ्या गृहस्थांनीही लक्षात घ्यावी अशी आहे. आता अल्कोहोलविरहित प्रकारही सर्रास मिळतात.

यांपैकी सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो क्लोरहेक्सिडीनचा. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये जखमा निर्जंतुक करण्यासाठी पुढे आलेले हे रसायन दंतवैद्यकात प्रतिष्ठित झाले ते १९७० साली. डेन्मार्कमधील आऱ्हुस येथे लॉ आणि श्योट या संशोधकांनी दात घासणे पूर्ण थांबवलेल्या तरुणांना ०.२ टक्के द्रावणाच्या दिवसातून दोन गुळण्या करावयास सांगितल्या. एरवी दोन-तीन आठवड्यांत हिरड्या सुजल्या असत्या; त्या सुजल्या नाहीत. दातांवर प्लाक नावाचा जो चिकट थर बसतो तोच बसला नाही. एखाद्या रसायनाने एवढे निर्विवाद यश क्वचितच मिळवले असेल. या यशाचे रहस्य असे, की क्लोरहेक्सिडीनच्या रेणूवर धन विद्युत्भार असतो आणि जंतूंच्या आवरणावर ऋण. त्यामुळे तो तेथे घट्ट चिकटतो व आवरण फोडतो. इतकेच नव्हे, तर तो दातांना आणि तोंडाच्या अस्तरालाही चिकटतो. थुंकून टाकल्यावर सुमारे तिसरा हिस्सा तोंडात राहतो आणि पुढे काही तास हळूहळू सुटत राहतो.

परंतु जो गुण जंतूंच्या बाबतीत कामास येतो त्याला आपली पेशी आणि परकी पेशी यांतील भेद पुरता कळत नाही. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या मानवी हिरडीच्या पेशींवर हे द्रावण टाकून पाहण्याचे प्रयोग गेल्या काही दशकांत अनेक ठिकाणी झाले. व्यवहारातल्या तीव्रतेपेक्षा कितीतरी पटींनी विरळ द्रावणातही त्या पेशींची वाढ खुंटते, प्रथिने आणि कोलॅजेन तयार करण्याचे त्यांचे काम मंदावते आणि तीव्रता वाढवली तर त्या मरतात, असे निष्कर्ष पुनःपुन्हा निघाले. जखम भरून येण्यासाठी ज्या पेशींनी धागे विणायचे त्याच पेशी या, म्हणून दात काढल्यावर किंवा हिरडीवर शस्त्रक्रिया झाल्यावर, जेव्हा अस्तर फाटून आतील ऊती उघडी पडलेली असते, तेव्हा हे औषध किती आणि केव्हा द्यावे याचा विचार दंतवैद्याने काळजीपूर्वक करावयाचा असतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बशीतील पेशी उघडीवाघडी असते. तिच्यावर लाळ नाही, केराटिन नाही, वरचे मृत थर नाहीत. तोंडात हे सर्व असते आणि गुळणी मिनिटभरात थुंकलीही जाते. बशीत पेशी मेली म्हणून तोंडात अनर्थ होईल असा निष्कर्ष काढणे म्हणजे एका दुकानातील भाववाढीवरून देशाचा महागाई निर्देशांक ठरवण्यासारखे होईल. प्रत्यक्ष माणसांत काय दिसते? दात आणि जीभ तपकिरी होणे, चव बिघडणे आणि काहींच्या बाबतीत अस्तराचे पापुद्रे सुटून तोंड हुळहुळणे. हे दुष्परिणाम नॉर्वेतील दंतवैद्यांनी १९७१ सालीच, म्हणजे औषधाचा गाजावाजा नुकता सुरू झाला असतानाच, नोंदवले होते. वापर थांबवला की अस्तर काही दिवसांत पूर्ववत होते. नूतनीकरणाचा दोन आठवड्यांचा फेरा येथे उपयोगी पडतो. म्हणजे निरोगी तोंडात, थोड्या मुदतीसाठी, मुद्दल शाबूत राहते असे म्हणण्यास जागा आहे. पण या वाक्यातील ‘निरोगी’ आणि ‘थोड्या मुदतीसाठी’ हे दोन शब्द काढून टाकले तर वाक्य उभे राहत नाही. पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या अहवालानेही चार ते सहा आठवडे व त्याहून अधिक वापराने दातांवर डाग पडतात असे नमूद केले. प्लाक कमी होतो हे त्याने निःसंदिग्धपणे मान्य केले. मात्र हिरड्यांची सूज मुळात सौम्य असेल तर मिळणारा लाभ रुग्णाला जाणवेल इतका मोठा नसतो असेही सांगितले.

फेस आणणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटचीही गोष्ट थोड्याफार फरकाने अशीच आहे. त्यानेही काहींच्या तोंडात पापुद्रे सुटतात, हे १९९० च्या दशकात ऑस्लोतील संशोधकांनी दाखवले. हे द्रव्य गुळणीपेक्षा टूथपेस्टमध्ये अधिक आढळते, म्हणून त्याची चर्चा येथे लांबवण्याचे कारण नाही.

अल्कोहोलचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आणि अधिक गंभीर आहे. अल्कोहोल स्वतः पेशी जाळते म्हणून चुरचुर होते, इतकाच तो नाही. तोंडातील जंतू आणि अस्तरातील पेशी मिळून अल्कोहोलचे रूपांतर अॅसिटाल्डिहाइडमध्ये करतात आणि हे द्रव्य पेशीच्या केंद्रातील डीएनएला इजा करणारे आहे. कर्करोगसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मद्यास १९८८ साली कर्ककारकांच्या पहिल्या वर्गात घातले आणि मद्यपानातून निर्माण होणाऱ्या अॅसिटाल्डिहाइडला २००९ साली. त्याच वर्षी जर्मनीतील संशोधकांनी अल्कोहोलयुक्त गुळणीनंतर लाळेतील अॅसिटाल्डिहाइड मोजले. गुळणीनंतर लगेच ते मद्य प्यायल्यानंतरच्या पातळीइतके चढले आणि काही मिनिटांत उतरले. काही मिनिटे ही गोष्ट थोडी आहे. पण दिवसातून दोनदा, तीस वर्षे, असा गुणाकार केला तर ती थोडी राहते काय?

याचे उत्तर देण्यासाठी रुग्णांच्या पाहण्या झाल्या आणि त्यांची कथा संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावी अशी आहे. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत माउथवॉश वापरणाऱ्या पुरुषांत मुखाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका ४० टक्क्यांनी आणि स्त्रियांत ६० टक्क्यांनी अधिक आढळला. ही वाढ मुख्यतः २५ टक्के वा अधिक अल्कोहोल असलेली गुळणी वापरणाऱ्यांत होती. आकडा धक्कादायक होता. पण माउथवॉश अधिक वापरतो कोण? जो सिगारेट ओढतो, जो मद्य पितो, ज्याला तोंडाचा वास लपवायचा असतो तो. मग दोष गुळणीचा की जो वास लपवण्यासाठी ती केली त्या व्यसनाचा? सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांत गल्लत करू नये असे वर्गात शंभरदा सांगितले जाते. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकांतही सापडत नाही. संशोधकांनी आकडेमोडीत तंबाखू आणि मद्य यांचा हिशेब वजा केला होता. तरी लोक स्वतःच्या पिण्याविषयी खरे सांगतात असे गृहीत धरावे लागते, आणि हे गृहीतक जगात कोठेच फारसे भक्कम नाही.

पुढील पाहण्यांनी चित्र बदलले. अनेक अभ्यासांत काहीच संबंध दिसला नाही. २००८ साली ऑस्ट्रेलियातील दोन दंतशास्त्रज्ञांनी अल्कोहोलयुक्त माउथवॉशविरुद्ध इशारा दिला तेव्हा तेथे मोठा वाद माजला. त्यानंतर २०१२ साली झालेल्या एकत्रित विश्लेषणाने संबंध नाकारला. २०१६ साली बारा अभ्यासांतील सुमारे ९ हजार रुग्ण आणि तुलनेसाठी घेतलेली सुमारे १० हजार माणसे यांची माहिती एकत्र करण्यात आली. कधीतरी माउथवॉश वापरणाऱ्यांत धोका वाढलेला नव्हता. मात्र ३५ वर्षांहून अधिक काळ वापरणाऱ्यांत तो सुमारे १५ टक्क्यांनी आणि दिवसातून एकाहून अधिक वेळा वापरणाऱ्यांत सुमारे ३० टक्क्यांनी जास्त दिसला. तंबाखूच्या धोक्यापुढे हे आकडे लहान आहेत, इतके लहान की हिशेबातील एखादी चूकही त्यांना जन्म देऊ शकेल. त्यावरून घबराट माजवणे चूक. परंतु वापर जितका दीर्घ आणि वारंवार तितका धोका अधिक, ही पायऱ्यापायऱ्यांची चढण दुर्लक्ष करण्याजोगी नाही. विशेषतः ज्या वस्तूची निरोगी माणसाला मुळात निकड नाही तिच्या बाबतीत.

महाराष्ट्राच्या दृष्टीने याहून महत्त्वाची एक गोष्ट मात्र या आकड्यांत कोठेच येत नाही. प्रयोगशाळेत मुखत्वचेच्या तुकड्यांवर १९८६ सालीच असे दाखवून देण्यात आले होते, की अल्कोहोलच्या संगतीत तंबाखूतील कर्ककारक नायट्रोसअमाइन अस्तरातून अधिक प्रमाणात आत झिरपते. अमेरिकेतील धूम्रपान करणाऱ्याच्या तोंडात धूर येतो आणि जातो. आपल्याकडे तंबाखू-चुना तासन् तास गालात धरला जातो, मिशरी दातांवर आणि हिरड्यांवर घासली जाते, गुटखा-माव्यातील सुपारीने अस्तराखालची ऊती कडक होत जाऊन अखेर तोंड उघडणे मुश्किल होते. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली; पुडी दिसेनाशी झाली असे मात्र कोणी म्हणणार नाही. २०२० साली भारतात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३६ हजार नवे रुग्ण आढळल्याचा अंदाज आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकांना हा आकडा सांगावा लागत नाही.

अशा तोंडात माउथवॉश कोणते काम करतो? कचेरीत साहेबाच्या खोलीत जाण्यापूर्वी, घरी मुलांपुढे जाण्यापूर्वी वास झाकण्याचे. अस्तर आधीच जखमी, त्याचा अडसर आधीच ढिला, आणि त्यावर पुन्हा अल्कोहोलचा शिडकावा. शिवाय वास गेला की शंकाही जाते. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड, गालावरचा पांढरा वा लाल चट्टा, तिखट न सोसणे, तोंड कमी उघडणे ही लक्षणे डॉक्टरला दाखवण्याची असतात. दोन आठवड्यांत जे अस्तर स्वतःला नवे करते ते जर एखाद्या जागी नवे होत नसेल, तर तळच्या थरात काहीतरी बिघडले आहे असा त्याचा सरळ अर्थ. त्यावर गुळणी करीत बसणे म्हणजे मोलाचे महिने थुंकून टाकणे होय. तंबाखू सोडणे हा खरा उपाय. तो होईपर्यंत निदान अल्कोहोलविरहित गुळणी तरी, एवढे दुकानदाराने सांगितले तरी पुष्कळ.

आता ही निकड निर्माण कशी झाली ते पाहिले पाहिजे, कारण ती आपोआप झालेली नाही. लिस्टरिन १८७९ साली अमेरिकेत तयार झाले ते शस्त्रक्रियेच्या वेळी वापरण्यासाठी; जोसेफ लिस्टर या ब्रिटिश शल्यविशारदाच्या नावावरून त्याचे नाव पडले. १९२० च्या दशकात कंपनीने ‘हॅलिटोसिस’ हा वैद्यकातील अडगळीत पडलेला शब्द बाहेर काढला आणि तोंडाच्या वासाला रोगाची प्रतिष्ठा दिली. लग्न न जमणाऱ्या मुलीच्या करुण कहाण्या जाहिरातींत झळकल्या. मैत्रिणीही जे सांगत नाहीत ते जाहिरात सांगू लागली. गॅलब्रेथ यांनी १९५८ साली जे प्रतिपादन केले, की श्रीमंत समाजात उत्पादन गरजा भागवते इतकेच नव्हे तर ज्या भागवायच्या त्या गरजाही तेच निर्माण करते, त्याचा हा आदिनमुना म्हणावा लागेल.

याच कंपनीने १९२१ पासून आणखी एक दावा चालवला होता: या गुळणीने सर्दी आणि घशाचे दुखणे टळते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याची चौकशी केली आणि डिसेंबर १९७५ मध्ये दावा खोटा ठरवला. त्यामागील कारणे आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी बोलकी आहेत. सर्दीचे विषाणू जेथे शिरतात तेथे गुळणी पुरेशी पोहोचत नाही, आणि पोहोचली तरी ती ऊतींच्या पेशींत शिरू शकत नसल्यामुळे आत बसलेल्या विषाणूचे काही बिघडवू शकत नाही! कमिशनने नुसता दावा बंद करवला नाही. हे औषध सर्दी वा घशाचे दुखणे टाळण्यास अथवा सौम्य करण्यास उपयोगी पडत नाही, असे वाक्य कंपनीने स्वतःच्याच जाहिरातींत द्यावे, आणि जाहिरातींवर सुमारे १ कोटी डॉलर, म्हणजे तिचा सरासरी वर्षभराचा जाहिरातखर्च, होईपर्यंत देत राहावे, असा आदेश दिला. १९७७ साली अपील न्यायालयाने तो उचलून धरला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. पन्नास वर्षे जे मनावर बिंबवले ते एका दिवसाच्या मौनाने पुसले जात नाही, हे तत्त्व त्यामागे होते. २००५ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याच गुळणीचा आणखी एक दावा, दातांच्या फटी साफ करणाऱ्या दोऱ्याइतकीच ती गुणकारी आहे हा, दिशाभूल करणारा ठरवला.

इतके होऊनही २०२० साली करोनाच्या साथीत इतिहासाची पुनरावृत्ती झालीच. परीक्षानळीत काही माउथवॉश विषाणूला अर्ध्या मिनिटात निष्प्रभ करतात असे निष्कर्ष आले आणि घरोघर गुळण्यांची चढाओढ लागली. या गुळण्या काही जंतूंना थोड्या मिनिटांपुरते घालवत असतील, पण त्यांनी संसर्गापासून संरक्षण मिळते याला पुरावा नाही, असा खुलासा जागतिक आरोग्य संघटनेला करावा लागला. परीक्षानळी आणि तोंड यांतील जो फरक गुळणीचा धोका सांगताना लक्षात ठेवायचा, तोच तिचा गुण सांगतानाही ठेवायला हवा. धोक्याच्या वेळी कंपन्यांना तो अचूक आठवतो. गुणाच्या वेळी तो त्यांच्या स्मरणात राहत नाही.

या सर्वांत घरच्या मिठाच्या कोमट गुळणीला मात्र जाहिरातदार मिळालेला नाही. २०१६ साली बशीतील हिरडीच्या पेशींवर मिठाच्या सौम्य पाण्याचा अल्पकाळ प्रयोग केला असता जखम भरून काढण्याची त्यांची हालचाल वाढलेली दिसली. हाही बशीतलाच पुरावा आहे, त्याला त्याहून मोठा करू नये. परंतु तो क्लोरहेक्सिडीनच्या बशीतील पुराव्याच्या नेमका उलट आहे आणि त्याची किंमत चिमूटभर मीठ एवढीच आहे.

भारतापुरता प्रश्न कायद्याच्या अभावाचा नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा परिणाम पुसण्यासाठी उत्पादकाने स्वखर्चाने दुरुस्तीची जाहिरात द्यावी, असा आदेश देण्याचा अधिकार ग्राहक न्यायालयांना २००२ च्या दुरुस्तीने मिळाला आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही तो कायम आहे. त्याच कायद्यान्वये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाला पहिल्या अपराधास १० लाख आणि पुढील प्रत्येक अपराधास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. ग्राहकसंघटनांनी या अधिकारांची आठवण माउथवॉशच्या बाबतीतही करून द्यायला हवी. आणि मागणी अगदी साधी असावी. बाटलीच्या दर्शनी भागावर, चष्मा न लावता वाचता येईल अशा मराठी अक्षरांत तीन ओळी असाव्यात: अल्कोहोल किती टक्के आहे, दंतवैद्याच्या सल्ल्यावाचून हे द्रावण सलग किती दिवस वापरावे, आणि तंबाखू, सुपारी वा गुटखा खाणाऱ्याने, तोंडात न भरणारी जखम असल्यास, गुळणी करण्याआधी डॉक्टरकडे जावे.